हंगामाचे गाव आणि मुलांची शाळा : कोल्हापूरहून महाबळेश्वर-पाचगणीला गेलेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

थंड हवेच्या ठिकाणी नोकरी लागलेल्या पालकांना शाळेचा प्रश्न पडतो तेव्हा बहुतेक जण पहिल्यांदा शाळांची नावे विचारतात. गेली काही वर्षे कोल्हापुरात पालकांना प्रवेशाविषयी मार्गदर्शन करताना माझे मत असे झाले आहे की, अशा गावात शाळेच्या नावाआधी गावाचे वर्षभराचे वेळापत्रक पाहिले पाहिजे : पर्यटक कधी येतात, पाऊस कधी कोंडून ठेवतो, आई-वडील कोणत्या महिन्यांत घरी असतात आणि कोणत्या महिन्यांत नसतात. पुढील प्रकरणात हा विचार कसा लागू पडला, कोणते पर्याय तपासले, कोणते का वगळले आणि निर्णयानंतर काय घडले, हे सविस्तर मांडले आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कुटुंब मंगळवार पेठेतले. वडील कोल्हापुरातील एका हॉटेलात अनेक वर्षे आचारी होते. २०२५ च्या उन्हाळी हंगामापूर्वी महाबळेश्वरातील एका रिसॉर्टने त्यांना स्वयंपाकघराचे प्रमुख म्हणून बोलावले. आई घरी शिवणकाम करीत असत. त्यांनाही तेथेच चादरी, पडदे आणि गणवेशांच्या विभागात काम देऊ केले होते. राहण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत एक खोली मिळणार होती. थोरली मुलगी अनुदानित मराठी शाळेत सेमी-इंग्रजी तुकडीत सातवीत होती. धाकटा मुलगा विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत होता आणि त्याचा प्रवेश शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांमधून झालेला होता. घर आज्जींच्या नावावर, आणि आज्जी कोल्हापूर सोडणार नव्हत्या. फेब्रुवारीत आई-वडील भेटायला आले तेव्हा त्यांच्याजवळ पाचगणीतील तीन निवासी शाळांची नावे लिहिलेला कागद होता आणि त्यांपैकी एकीत निदान मुलाला तरी घालावे, अशी वडिलांची मनापासून इच्छा होती.

पाचगणीच्या शाळा कोणासाठी उभ्या राहिल्या

ही इच्छा समजण्यासारखी होती. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मध्यमवर्गाच्या मनात ‘पाचगणीची शाळा’ या शब्दांना मोठे वजन आहे. परंतु या शाळा तेथे का आल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा स्थानिक रहिवाशाला किती उपयोग होईल याचा अंदाज करता येतो. ब्रिटिशांच्या काळी महाबळेश्वर हे उन्हाळ्याचे ठिकाण होते. पावसाळ्यात तेथे राहणे कठीण. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली पाचगणी वसवली गेली. महाबळेश्वरापासून ती अवघी वीसेक किलोमीटर पूर्वेला असली, तरी तेथे पाऊस पुष्कळ कमी आणि हवा बारमाही राहण्याजोगी होती. याच हवेमुळे तेथे आरोग्यधामे निघाली, डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी सुरू केलेले बेल-एअर १९१२ सालचे. शाळाही याच हवेसाठी आल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ ची, संजीवन विद्यालय १९२२ चे, न्यू एरा १९४५ ची. मुंबई, पुणे, गुजरात आणि परदेशांतून आलेली मुले वर्षातील बहुतांश काळ येथे राहून शिकतील, या हिशेबाने त्यांची रचना झाली.

म्हणजेच ज्या पालकांचे घर दूर आहे आणि ज्यांना निवासाचाही खर्च पेलतो, अशांना डोळ्यांसमोर ठेवून या शाळा चालत आल्या आहेत. ज्याचे घर त्याच डोंगरावर आहे, त्या पालकाला वेगळे प्रश्न विचारावे लागतात : शाळा घरी राहणारी मुले घेते का, कोणत्या इयत्तेपर्यंत घेते, त्यांच्यासाठी बस आहे का, संध्याकाळच्या खेळात आणि अभ्यासिकेत त्यांना बसू देतात का, आणि निवासी मुलांच्या वर्गात घरून येणारे मूल एकटे पडेल की त्याच्यासारखी आणखी दहा मुले असतील. हे प्रश्न प्रत्यक्ष शाळेत जाऊन विचारावे लागतात, कारण माहितीपत्रके बहुधा निवासी प्रवेशाविषयीच लिहिलेली असतात. वडिलांनी मार्चमध्ये जाऊन ते विचारले. एका शाळेत घरून येणाऱ्या मुलांना वाव होता. फी मात्र दोघांच्या एकत्रित पगाराच्या मानाने फार मोठी होती.

येथे आणखी एक गोष्ट पुढे आली. रिसॉर्टच्या व्यवस्थापनाने ‘मुलाच्या शाळेचे आपण बघू’ असे तोंडी सांगितले होते. मालकाच्या मदतीवर मुलाचे दहावीपर्यंतचे शिक्षण बांधू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची होती. करार संपला किंवा वडिलांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली, तर मूल मध्येच अडकेल, आणि नोकरी सोडण्याचे वडिलांचे स्वातंत्र्यही मुलाच्या फीपाशी गहाण पडेल. मदत मिळत असेल तर ती लेखी, रकमेसह आणि नोकरी सुटली तरी चालू शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत असावी, एवढी अट त्यांनी घालून पाहिली. तसे पत्र मिळाले नाही. त्यानंतर हा पर्याय कागदावरून खोडला गेला, आणि मला वाटते तो वेळेत खोडला गेला.

गावाचे पंचांग

या प्रकरणात माझा सर्वांत जास्त वेळ ज्यावर गेला, तो विषय म्हणजे हंगाम. हॉटेलात काम करणारी माणसे ज्याला ‘सीझन’ म्हणतात, तो शाळेच्या सुट्ट्यांवर चालतो. महाबळेश्वरला एप्रिल-मे भरलेले, दिवाळीची सुट्टी भरलेली, नाताळ ते नववर्षाचा आठवडा भरलेला. राज्यातील इतर मुलांना सुट्टी लागली की या गावातील आई-वडिलांची सुट्टी बंद होते. स्वयंपाकघराच्या प्रमुखाला तर पहाटेच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत हजर राहावे लागते. उलट जून ते सप्टेंबर या काळात खोल्या रिकाम्या असतात, रजा सहज मिळते, परंतु तेव्हा शाळा भरलेल्या असतात आणि पाऊस कोसळत असतो.

पावसाविषयी कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको, तरीही महाबळेश्वरचा पाऊस निराळाच आहे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात तो पडतो. जुलै २०२१ मध्ये तेथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. त्याच दिवसांत कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. ऑगस्ट २०१९ मध्येही महामार्ग असाच काही दिवस बंद राहिला होता. आई-वडील डोंगरावर आणि मूल आज्जीजवळ, अशी व्यवस्था करणाऱ्याने हे गृहीत धरलेच पाहिजे की, वर्षातून काही दिवस दोन्ही टोके एकाच वेळी बंद होऊ शकतात. कोल्हापूर ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. साताऱ्याहून मेढ्यावरून जा किंवा वाईहून पसरणी घाट चढून जा, चार-साडेचार तास लागतातच, आणि कागल-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाच्या कामाने त्यात भर घातली आहे. हेच काम पन्हाळ्यावर मिळाले असते तर प्रश्नच उद्भवला नसता. पन्हाळाही गिरिस्थान, पण कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर. तेथे राहणारी कुटुंबे मुलांना शहरातल्या शाळेत ठेवून रोजची ये-जा करू शकतात.

म्हणून मी आई-वडिलांना बारा महिन्यांचा एक तक्ता करायला सांगितला. प्रत्येक महिन्यासमोर चार गोष्टी लिहायच्या : शाळा चालू की बंद, वडील घरी किती वाजता, आई घरी किती वाजता, आणि दुपारी शाळा सुटल्यावर मूल कोणाजवळ. एप्रिल, मे, ऑक्टोबर-नोव्हेंबरची दिवाळी आणि डिसेंबरचा शेवट या घरांमध्ये शेवटचा रकाना रिकामा राहिला. आई दोन्ही वेळा रिसॉर्टमध्ये असत्या तर तो वर्षभर रिकामा राहिला असता. या तक्त्यामुळे आईंनी पूर्ण वेळेऐवजी सकाळच्या पाळीचे काम मागून घेतले. पगार कमी झाला. तरीही कोणत्याही शाळेच्या निवडीपेक्षा हा निर्णय अधिक महत्त्वाचा होता, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा निर्णय राहण्याच्या जागेचा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नव्या बांधकामावर बंधने आहेत, आणि जी घरे आहेत त्यांच्या मालकांना पर्यटकांकडून दिवसाचे भाडे मिळते. वर्षभर भाड्याने घर मिळणे म्हणूनच अवघड जाते, आणि मिळाले तरी एप्रिलमध्ये ते रिकामे करून मागितले जाणार नाही याची लेखी खात्री घ्यावी लागते. कर्मचारी वसाहतीतील खोली फुकट होती, पण तेथे रात्रभर पाळ्या बदलत आणि बहुतेक रहिवासी एकटे पुरुष होते. शेवटी कुटुंबाने पाचगणीत, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या घेतल्या. घाटमाथ्यावरच्या पावसात रोजचा वीस किलोमीटरचा प्रवास वडील करतील, मूल करणार नाही, असा त्यामागचा विचार होता.

मुलाची जागा : काय सुटते आणि काय मिळते

मुलाच्या बाबतीत सर्वांत मोठी अडचण २५ टक्क्यांच्या जागेची होती. वडिलांची अशी समजूत होती की, कोल्हापुरातील इंग्रजी शाळेतील मोफत जागा पाचगणीतील इंग्रजी शाळेत ‘बदलून’ मिळेल. तसे होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार ही जागा पहिलीला, किंवा शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तेथे, म्हणजे प्रवेशाच्या पायरीवरच मिळते. शाळा बदलण्याचा हक्क कलम ५ ने दिला आहे, परंतु तो सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे; विनाअनुदानित शाळेकडे तो मागता येत नाही. म्हणजे मुलाला नेले तर मोफत इंग्रजी माध्यम सुटणार, आणि ठेवले तर आठवीपर्यंत ते टिकणार, असा हा सरळ व्यवहार होता.

कोल्हापुरातील नातेवाइकांचे मत एकमुखी होते : सोडतीत मिळालेली जागा कोणी सोडते का? आज्जी तर म्हणाल्या, “दोन्ही लेकरं माझ्याजवळ ऱ्हाऊ देत. माझे हातपाय अजून धड हायत.” त्यांच्या मायेविषयी शंका नव्हती. पण नऊ वर्षांच्या मुलाचा अभ्यास, आजारपण, संध्याकाळचा खेळ आणि रात्रीची भीती हे सगळे सत्तरीच्या बाईवर वर्षानुवर्षे टाकणे योग्य नाही, असे आईंना वाटत होते आणि मलाही. जागेची किंमत पैशांत मोजता येते, म्हणून ती मोठी दिसते. आई रोज दुपारी घरी असण्याची किंमत कोणत्याही पावतीवर येत नाही, आणि म्हणून कौटुंबिक चर्चेत ती मागे पडते.

पाचगणीत त्याच्यासाठी दोन मार्ग उरले : कमी फीची एखादी इंग्रजी शाळा, किंवा गावातील फी नसलेली मराठी माध्यमाची शाळा. आईंनी दोन्ही ठिकाणी शाळा सुटण्याच्या वेळी बाहेर उभे राहून पाहिले, शिक्षकांशी बोलल्या आणि मराठी शाळा निवडली. त्यांची दोन कारणे होती. चौथीचा अभ्यास त्या स्वतः घेऊ शकत होत्या, तर इंग्रजी माध्यमाचा अभ्यास पुढे त्यांच्या आवाक्याबाहेर जाणार होता. आणि त्या वर्गात हॉटेलात काम करणाऱ्यांची, घोडेवाल्यांची, स्ट्रॉबेरीच्या शेतावर राबणाऱ्यांची मुले होती. आपला मुलगा तेथे उपरा वाटणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. माझ्या मते हे दुसरे कारण पहिल्याइतकेच वजनदार आहे.

पुढचा विचार म्हणून नवोदय आणि सैनिक शाळाही तपासल्या. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश परीक्षेने मिळतो आणि शिक्षण, निवास, भोजन मोफत असते. मात्र उमेदवार ज्या जिल्ह्याच्या विद्यालयासाठी परीक्षा देतो, त्याच जिल्ह्यात पाचवीला शिकत असावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्याचे विद्यालय कागलला आहे. मुलगा पाचगणीत पाचवीला गेला की त्याचा अर्ज सातारा जिल्ह्यातून जाईल. किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत व्हावी लागतात. त्याची तिसरी कोल्हापूर शहरात झाली होती, त्यामुळे भिलारसारख्या जवळच्या गावातील शाळेत घालूनही हा लाभ मिळणार नव्हता. हे आधीच कळल्यामुळे केवळ त्या आशेवर गाव निवडण्याचे टळले. १९६१ साली सुरू झालेली साताऱ्याची सैनिक शाळा सहावीला प्रवेश देते. तिची परीक्षा तो पाचवीत असताना देऊ शकतो. त्याला ती आवडेल की नाही, हे तेव्हा त्यालाच विचारावे, एवढेच लिहून ठेवले.

मुलीचा प्रश्न उशिरा विचारला गेला

पहिल्या दोन्ही भेटींत बोलणे मुलाभोवतीच फिरत राहिले. मुलगी ‘कुठेही शिकेल, हुशार आहे’ असे आई-वडिलांनी सहज सांगितले. ते कौतुकाने म्हटलेले होते, तरीही मला ते खटकले, कारण वेळेच्या दृष्टीने तिचाच निर्णय अधिक नाजूक होता. ती आठवीला जाणार होती. आठवीत वार्षिक परीक्षा असते आणि पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिल्यास त्याच वर्गात थांबावे लागू शकते. नववी आणि दहावी ही दोन वर्षे तर एकाच शाळेत सलग काढणे हिताचे असते. मंडळ बदलायचे असेल तर ते आठवीपर्यंतच बदलावे. आयसीएसई किंवा सीबीएसईच्या दहावीची नोंदणी नववीतच होते, आणि सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलीला इतिहास-भूगोलासह सगळेच विषय एकदम इंग्रजीतून लिहिणे सोपे जात नाही.

तिच्या बाबतीत निर्णायक ठरली ती राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला शिक्षक एनएमएमएस म्हणतात. आठवीत ही परीक्षा देऊन निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावे लागते आणि विद्यार्थी सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावा लागतो. खासगी विनाअनुदानित शाळेतील मुलांना ती देता येत नाही. पाचगणीच्या एखाद्या नामवंत शाळेत सवलतीने प्रवेश मिळाला असता, तर ही वाट तिच्यासाठी बंद झाली असती. तिच्या कोल्हापूरच्या शाळेत या परीक्षेचे जादा तास वर्षभर चालतात. शिष्यवृत्ती परीक्षांविषयीची ही जिद्द कोल्हापूर जिल्ह्याच्या शाळांमध्ये जुनी आहे.

तिला स्वतंत्रपणे विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी आठवीला हितंच राहते. नववीचं मग बघू.” उत्तर थोडक्यात होते, पण तिने विचार केलेला दिसत होता. शाळा, मैत्रिणी आणि जादा तास हे सगळे तिला गमवायचे नव्हते. आज्जीलाही एकटे सोडायचे नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे कोल्हापुरात उभी राहिली, ती खेड्यातील मुलाला शिकण्यासाठी शहरात छप्पर मिळावे म्हणून. दसरा चौकातून जाताना ती आजही दिसतात. आई-वडील पोटापाण्यासाठी शहर सोडून जातात आणि मूल शाळेसाठी शहरातच थांबते, ही त्याच गरजेची उलटी बाजू आहे. वसतिगृहाचा पर्याय आम्ही बोललो, पण स्वतःचे घर आणि आज्जी असताना तिला तेथे ठेवण्याचे कारण नव्हते.

आज्जीजवळ ठेवणे म्हणजे सोय झाली, असे मात्र मानू दिले नाही. शाळेला आई-वडिलांच्या सहीचे पत्र दिले : आज्जी आणि त्याच पेठेतील मामा हे दोघे पालक म्हणून सही करू शकतील, आजारपणात कोणाला फोन करायचा, शाळेतून कोण नेऊ शकेल. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढला. मोबाइल कोणत्या वेळी तिच्या हाती असेल आणि रात्री आईशी बोलणे कधी होईल, हेही ठरवले. आज्जींच्या तपासण्यांच्या तारखा मामांनी आपल्याकडे घेतल्या.

कागदपत्रे

मुलाच्या शाळेने दाखला देण्यास टाळाटाळ केली. कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पाचगणीच्या शाळेने प्रगतिपुस्तक आणि आधार पाहून मुलाला जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी वर्गात बसवले. दाखला नंतर आला, आणि ऑनलाइन प्रणालीतील त्याची नोंद जुन्या शाळेतून नव्या शाळेकडे गेली. दाखला हाती घेताच नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात या नोंदी वाचून पाहाव्यात, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो. शाळा सोडल्यावर त्यातील चूक दुरुस्त करणे फार जिकिरीचे होते आणि ती चूक दहावीनंतर प्रत्येक अर्जात आडवी येते. या दाखल्यावर जन्मस्थळाच्या जागी तालुका चुकीचा होता. तो तेव्हाच दुरुस्त करून घेतला.

पहिल्या सहामाहीनंतर

मुलाला सुरुवातीचे दोन महिने जड गेले. जोडाक्षरे लिहिताना तो थांबत असे आणि मराठी अंक त्याला घाबरवीत. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत तो हमखास गडबडे, कारण गणित तो इंग्रजी अंकांनी शिकला होता. बाईंनी त्याला वेगळे बसवले नाही, रोज फळ्यावर तारीख आणि पटसंख्या लिहिण्याचे काम दिले. गणपतीनंतर तक्रारी थांबल्या. इंग्रजीत तो वर्गाच्या पुढे आहे. ते टिकावे म्हणून आई त्याच्याकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घेतात. भिलार हे पुस्तकांचे गाव पाचगणीहून जवळ असल्याचा फायदाही त्यांनी घेतला : पावसाळ्यातील रजेच्या दिवशी वडील त्याला तेथे नेत आणि दोघे दुपारभर वाचत बसत.

मुलीच्या बाबतीत शाळेची बाजू चांगली राहिली, सुट्टीची बाजू बिघडली. दिवाळीच्या सुट्टीत ती मोठ्या आनंदाने पाचगणीला गेली. वडील रात्री अकराला येत. हंगामामुळे आईंनाही दोन्ही पाळ्या कराव्या लागल्या. परिणामी सुट्टीचा बहुतेक काळ तिने धाकट्याला सांभाळण्यात आणि स्वयंपाकात घालवला. बारा महिन्यांच्या तक्त्यात रिकामा राहिलेला रकाना अखेर तिनेच भरला, आणि मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. थोरल्या मुलींकडून ही अपेक्षा इतक्या सहज केली जाते की, ती ठरवावीही लागत नाही. आईंना ते जाणवले. पुढील उन्हाळ्यात धाकटाच कोल्हापूरला मामांकडे येईल, ती वर जाणार नाही, आणि आई-वडील जुलै-ऑगस्टच्या रजा एकेकट्याने न घेता एकत्र घेऊन खाली येतील, असे त्यांनी ठरवले. शनिवार-रविवारच्या भेटीचा आग्रहही सोडला. हॉटेलात मधल्या वारी सुट्टी मिळते, म्हणून महिन्यातून एकदा आई मंगळवारी येऊन बुधवारी सकाळी तिला शाळेत सोडतात आणि मग परततात.

अजून मोकळे असलेले प्रश्न दोन आहेत. मुलीचा नववीचा निर्णय एप्रिलपूर्वी व्हायला हवा. वर जायचे असेल तर नववीच्या पहिल्या दिवसापासून, आणि शिष्यवृत्ती मिळाल्यास ती टिकण्यासाठी अनुदानित वा सरकारी शाळेतच. कोल्हापुरात थांबली, तर दहावीनंतर अकरावीची राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया असल्याने तिला पुढे कोणत्याही जिल्ह्यातून अर्ज करता येईल, आणि तिच्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असल्यामुळे तेथील अंतर्गत कोट्याचा आधारही राहील. मुलगा पाचवीला गेला की नवोदयचा अर्ज आणि पाचवीची वार्षिक परीक्षा एकाच वर्षात येतील. वडिलांचा अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीत नव्याने ठरणार आहे, आणि मुलीचा निर्णय त्या आधी, तिच्यासमोर बसून घ्यायचा, असे चौघांनी आणि आज्जींनी मिळून ठरवले आहे.